इंदूरनं टेस्टचा पाचवा दिवस अजून पाहिलेलाच नाही. मग चार दिवसांची टेस्ट का नको?

रामबागचा_बाळू (धागाकर्ता)

मंडळी, परवा रात्री आमच्या ओट्यावर वाद पेटला तो अजून विझलेला नाही, म्हणून इथं आणून टाकतो.

घरात आवराआवर चालली होती. कपाटातल्या फायलीत २०१६च्या इंदूर टेस्टचं माझं सीझन तिकीट निघालं. लांबुळकी पट्टी, पाच दिवसांचे पाच तुकडे. चार फाडून नेलेले, पाचवा तसाच, कडेला चहाचा डाग. भाचा तो उजेडात धरून म्हणाला, "मामा, पाचव्या दिवशी गेला नाहीस?" अरे, जाणार कुठे? मॅच चौथ्याच दिवशी संपली.

मग हिशेब निघाला. होळकर स्टेडियमवर आजवर तीन टेस्ट. न्यूझीलंड, ऑक्टोबर २०१६, चौथ्या दिवशी खलास. बांगलादेश, नोव्हेंबर २०१९, तिसऱ्या दिवशी. ऑस्ट्रेलिया, मार्च २०२३, तीही तिसऱ्या दिवशी, आणि तो दिवस म्हणजे जेवणाच्या आतच कारभार आटोपला. ठरलेले दिवस पंधरा, खेळ झाला दहा दिवस.

भाचा म्हणतो, चार दिवसांची करून टाका. सासरेबुवा म्हणतात, टेस्ट पहिल्यापासून पाच दिवसांची आहे आणि तशीच राहणार. मी मधे, नॉनस्ट्रायकरला. दोघांपैकी बरोबर कोण?

पोहे_शेव_जास्त

पाचव्या दिवसाचे पैसे परत मिळाले का, ते आधी सांगा.

रामबागचा_बाळू

मागायला गेलोच नाही भिया. आपण जिंकलो होतो ३२१ धावांनी, पैसे कसले मागता.

स्क्वेअरलेग

सासरेबुवांना नमस्कार सांगा, पण "पहिल्यापासून पाच दिवस" हे चुकलंय.

१८७७ची मेलबर्नची पहिली टेस्ट दिवस न ठरवताच खेळली. निकाल लागेपर्यंत खेळायचं. षटक चार चेंडूंचं. दुसऱ्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रेलियातल्या जवळजवळ सगळ्या टेस्ट अशाच. इंग्लंडात मात्र बराच काळ तीन दिवसांची टेस्ट होती. आपली पहिली टेस्ट, जून १९३२, लॉर्ड्स, तीन दिवसांचीच. तेव्हा पाच दिवस ही काही काळ्या दगडावरची रेघ नाही.

बेमुदत टेस्टचं काय झालं तेही ऐका. डरबन, मार्च १९३९, दक्षिण आफ्रिका आणि इंग्लंड. ३ तारखेला सुरू झाली, १४ तारखेपर्यंत चालली. इंग्लंडला शेवटच्या डावात ६९६ हवे होते. ५ बाद ६५४ झाले, ४२ उरले, पाच विकेट हातात. आणि पाऊस आला. थांबायला हरकत नव्हती, पण बोट सुटणार होती. सामान उचललं आणि बंदर गाठलं. ज्या मॅचला मुदतच नव्हती ती अनिर्णित!

मीटरगेज

म्हणजे मी प्लॅटफॉर्मवर उभा राहून शेवटचं षटक ऐकायचो तसंच. गार्डनं शिटी मारली की मॅच अनिर्णित.

नाना_सुदामानगर

बाळासाहेब, तुमच्या सासऱ्यांच्या बाजूनं दोन शब्द. त्यांच्या आमच्या आठवणीतली टेस्ट पाच दिवसांचीच, आणि मधे एक विश्रांतीचा दिवस. तीन दिवस खेळ, एक दिवस आराम, मग दोन दिवस. त्या आरामाच्या दिवशी पेपरात अर्धं पान नुसत्या अंदाजांचं. आजच्या पोरांना सांगून पटणार नाही की सगळा देश एका दिवसासाठी "उद्या काय?" म्हणत बसायचा.

विश्रांतीच्या दिवसाचीच एक गोष्ट. आपण टेस्ट पहिल्यांदा जिंकलो ती फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला, इंग्लंडविरुद्ध, एक डाव ८ धावांनी. विनू मांकडच्या बारा विकेट. मॅच ६ तारखेला सुरू झाली आणि त्याच दिवशी इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज वारले. मग विश्रांतीचा दिवस अलीकडे ओढून ७ तारखेला घेतला.

राहता राहिलं १९३२. पहिला कर्णधार कोण, तर आपले सी. के. नायडू. जन्म नागपूरचा, पण १९२३ मध्ये होळकरांनी बोलावलं तेव्हापासून ते इंदूरचेच. गेले तेही इथंच, १४ नोव्हेंबर १९६७. बांगलादेशची टेस्ट इथं सुरू झाली तीही १४ नोव्हेंबरलाच. मी सकाळी गेटावर तीनचार जणांना सांगितलं. एकानं विचारलं, "काका, हेल्मेट आत नेऊ देतात का?"

बडोदेकर_मांडवी

इंदूरकरांचा इतिहास सुरू झाला म्हणजे आता सातआठ प्रतिसाद निश्चिंती.

पोहे_शेव_जास्त

आले बडोद्याचे पाहुणे. या, बसा. लिलो चिवडा आणलाय का?

बडोदेकर_मांडवी

चिवडा नाही, आकडा आणलाय. २०१६ला तुमच्या मैदानावर कोहली आणि रहाणेनं चौथ्या विकेटला ३६५ जोडले. कोहली २११, रहाणे १८८. टेस्टमध्ये भारताची चौथ्या विकेटची सर्वात मोठी भागीदारी. छान. पण चौथ्या विकेटचाच हिशेब मांडायचा तर विजय हजारे आणि गुल महंमद, ५७७. रणजीची फायनल, १९४६-४७, बडोदा. समोर कोण होतं ते मी बोलणार नाही.

स्क्वेअरलेग

समोर इंदूरचा होळकर संघ होता. हजारे २८८, गुल महंमद ३१९. कुठल्याही विकेटसाठी जगातली सर्वात मोठी भागीदारी होती ती, २००६ पर्यंत. मग संगकारा आणि जयवर्धनेनं कोलंबोला ६२४ केले.

नाना_सुदामानगर

बडोदेकर, एक फायनल धरून बसलात. त्याच्या आदल्याच हंगामात होळकरांनी म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ केले होते, इथंच, इंदुरात. एका डावात सहा शतकं. भांडारकर, सरवटे, जगदाळे, सी. के., निंबाळकर, प्रतापसिंह. यादी वाचली तर रामबागेतल्या लग्नाची पंगत वाटते. आणि रणजी चारदा जिंकली.

हे निंबाळकर म्हणजे भाऊसाहेब. १९४८-४९ मध्ये पुण्याला महाराष्ट्राकडून खेळताना नाबाद ४४३. ब्रॅडमनच्या तेव्हाच्या विक्रमी ४५२ला नऊ कमी असताना जेवणाची सुट्टी झाली आणि काठियावाडचा संघ पुढं खेळायलाच आला नाही, घरी निघून गेला. या माणसाला एक टेस्ट मिळाली नाही हो. एकही नाही.

भाचा_फिजिक्सवाला

नमस्कार, ज्याच्यावरून धागा निघाला तो भाचा मीच. आजोबा आणि मंडळी, इतिहास भारी आहे, पण माझ्या प्रश्नाचं उत्तर कुणी देऊन नाही राहिलं. जानेवारी २०२४ ची केपटाऊनची टेस्ट ६४२ चेंडूंत संपली, निकाल लागलेल्यांत सर्वात छोटी. रोज ९० षटकं धरली तर ६४२ चेंडू म्हणजे सव्वा दिवसापेक्षा कमी. आजकाल बॅट्समन मारतात, मॅच लवकर संपते. पाचव्या दिवसासाठी मैदान, हॉटेल, पोलिस, सगळं अडकवून का ठेवायचं? गुरुवारी सुरू, रविवारी शेवट. बाबांसारख्या नोकरीवाल्यांना शनिवार-रविवार हमखास खेळ.

लोकमान्यनगर_मावशी

बाळा, तुझं "शनिवार-रविवार हमखास" वाचून हसू आलं. मी आणि माझी बहीण २०२३ला खास शनिवार-रविवारच्या बेतानं बसलो होतो. टेस्ट बुधवारी सुरू झाली. पहिल्या दिवशी आपण सगळे बाद १०९, शुक्रवारी सकाळी ऑस्ट्रेलियाला ७६ हवे होते, त्यांनी एक विकेट देऊन केले. बहीण भोपाळहून शुक्रवारी दुपारी उतरली. तिला मैदान दाखवायला नेलं ते बाहेरूनच, रेसकोर्स रोडवर रिक्षा थांबवून. मग छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत जाऊन शिकंजी पाजली. तुझ्या चार दिवसांनी आमचं काय भलं झालं असतं?

आता पाचवा दिवस कशाला, ते सांगते. मार्च २००१, ईडन गार्डन्स. होळी होऊन गेली होती, हाताचे रंग पुरते गेले नव्हते. ऑस्ट्रेलियाचे ४४५, आपण १७१, म्हणून फॉलोऑन, म्हणजे लागलीच परत आपलीच फलंदाजी. तिसऱ्या दिवसअखेर ४ बाद २५४. चौथा दिवस उजाडला तेव्हा मी गवारी निवडायला घेतली. लक्ष्मण आणि द्रविड. एक तास, दोन तास, जेवण, चहा. गवारी निवडून झाली, शिजली, खाऊन झाली, भांडी झाली. संध्याकाळी ४ बाद ५८९. दिवसभरात एक विकेट नाही! आणि तो द्रविड जन्मानं इंदूरचा, हे यजमान प्रत्येक चौकाराला सांगत होते.

इथं चार दिवसांची टेस्ट असती तर? संध्याकाळी सगळ्यांनी हात मिळवले असते आणि पेपरात आलं असतं "भारतानं मॅच वाचवली". वाचवली! हरभजन पाचव्या दिवशी घेतो सहा विकेट, आपण जिंकतो १७१ धावांनी. ती टेस्ट पाचव्या दिवसाशिवाय नुसती चिवट मॅच राहिली असती.

मीटरगेज

मावशी, दंडवत.

पोहे_शेव_जास्त

+१. "गवारी" कसोटी म्हणून हिची नोंद व्हावी.

स्क्वेअरलेग

मावशींच्या मुद्द्यात एक बारीक कलम जोडतो. फॉलोऑनचा फरक पाच दिवसांच्या मॅचला २०० धावांचा, तीन किंवा चार दिवसांच्या मॅचला १५०. पहिला दिवस पूर्ण पावसात गेला तर उरलेले दिवस मोजून हा आकडा ठरतो, म्हणजे पाच दिवसांची टेस्ट असली तरी १५०. चार दिवसांची टेस्ट केली की नुसता एक दिवस जात नाही, असे सगळे आकडे हलतात.

आणि फॉलोऑन देणं आज कर्णधाराच्या मर्जीवर. १९०० पर्यंत सक्तीचं होतं. १८९४ला सिडनीत ऑस्ट्रेलियानं ५८६ केले, इंग्लंड ३२५, नियमानं परत फलंदाजी. इंग्लंडनं ४३७ करून १७७चं लक्ष्य दिलं. रात्री पाऊस, पिच झाकायची पद्धत नाही, सकाळी ऊन. ऑस्ट्रेलिया १६६ला खलास. सहाव्या दिवशी. फॉलोऑन घेऊन जिंकल्याच्या चारच टेस्ट आहेत: ही, १९८१ची हेडिंग्ली, २००१चं कोलकाता, आणि २०२३ला न्यूझीलंड वेलिंग्टनला एका धावेनं.

२०१६ला आपल्याकडे २५८ची आघाडी होती. कोहलीनं फॉलोऑन दिला नाही.

रामबागचा_बाळू

आणि नाही दिला म्हणूनच मला चौथा दिवस मिळाला! तो दिवस दसऱ्याचा. सकाळी घरात पूजा, गाडीला हार, आणि मी खिशात आपट्याची पानं घेऊन मैदानात. पुजारानं शतक पुरं केलं, डाव घोषित, मग अश्विननं ५९ धावांत सात काढले. मॅचमध्ये तेरा. शेवटची विकेट पडली तशी मागच्या रांगेतल्या अनोळखी आजोबांना मी सोनं दिलं. त्यांनी पानं घेतली आणि म्हणाले, "उद्याचं काय करायचं आता?" त्यांच्याही हातात तीच पट्टी होती.

टप्पा_खाऊन

सगळे पाचव्या दिवसाची आरती ओवाळताय, पण पिचबद्दल कुणी बोलत नाही. मॅच लवकर संपते ती बॅट्समन मारतात म्हणून नाही, पिच तसं असतं म्हणून. २०२३ला पहिल्या तासापासून चेंडू हातभर वळत होता. कुनमननं पहिल्या डावात १६ धावांत पाच घेतले, लायननं दुसऱ्यात आठ. सामनाधिकाऱ्यांनी पिचला "खराब" शेरा देऊन तीन दोषगुण दिले, मंडळानं दाद मागितल्यावर ते "सरासरीपेक्षा कमी" झालं आणि गुण एकावर आला.

आणि आपल्या गावाला हे नवीन नाही. २५ डिसेंबर १९९७, नेहरू स्टेडियम, श्रीलंकेविरुद्ध वनडे. मी आठवीत. तीन षटकं झाली आणि पिच धोकादायक म्हणून सामना रद्द. आईनं डब्यात दिलेली मेथीची थालीपीठं उघडायचीसुद्धा होती. त्या मानानं तीन दिवस म्हणजे चैन आहे.

बडोदेकर_मांडवी

तीन षटकांत सामना संपवणारे लोक पाचव्या दिवसाच्या गप्पा करताहेत. आमच्या अंशुमन गायकवाडांनी १९८३ला जालंधरला पाकिस्तानविरुद्ध एकट्यानं ६७१ मिनिटं काढली. २०१ धावा. अकरा तास अकरा मिनिटं! तुमच्या भाच्याला ती खेळी दाखवा.

भाचा_फिजिक्सवाला

काका, त्यासाठी मला सुट्टी घ्यावी लागेल. तीपण पाच दिवसांची.

नाना_सुदामानगर

हा हा. बडोदेकर, यावर तुमचं काही चालायचं नाही.

बडोदा आणि इंदूर एकत्र आले की काय होतं तेही सांगतो. जानेवारी १९८८, मद्रास, वेस्ट इंडिज. आपल्या मध्य प्रदेशचा नरेंद्र हिरवाणी, पहिली टेस्ट, १३६ धावांत सोळा विकेट. पदार्पणातली आजही सर्वोत्तम कामगिरी. बॉब मॅसीचे १३७ धावांत सोळा होते, म्हणजे विक्रम एका धावेनं मोडला. आणि यष्टींमागं बडोद्याचे किरण मोरे. एका डावात पाच स्टंपिंग, मॅचमध्ये सहा. आणि हिरवाणी इथल्याच नेटमध्ये घडला.

बडोदेकर_मांडवी

हे मान्य. पुढच्या खेपेला चिवडा आणतो.

चहा_आधी

नियमांचं चाललंच आहे तर: गुवाहाटीच्या पहिल्या टेस्टला, नोव्हेंबर २०२५, आधी चहाची सुट्टी आणि मग जेवणाची. तिकडं अंधार लवकर पडतो म्हणून. दिवसाच्या टेस्टमध्ये दीडशे वर्षांत जेवण-चहाचा क्रम हलत नव्हता, तो सूर्यानं हलवला. मग दिवस चार का पाच याला एवढं पवित्र काय मानायचं?

पोहे_शेव_जास्त

इंदुरात टेस्ट असली तर आधी पोहे, मग जिलेबी, मग चहा, मग कचोरी, मग वेळ उरला तर खेळ.

मीटरगेज

आणि दिवसअखेर सराफ्याची रात्रीची खाऊगल्ली. म्हणून मॅच लवकर संपवतात भिया, रात्री नऊला रांगेत उभं राहायचं असतं.

स्क्वेअरलेग

परत मूळ प्रश्नाकडे. चार दिवसांची टेस्ट करून बघितलेली आहे. डिसेंबर २०१७, पोर्ट एलिझाबेथ, दक्षिण आफ्रिका आणि झिंबाब्वे. रोज ९० ऐवजी ९८ षटकं ठरवली. मॅच दोनच दिवसांत संपली, त्यामुळे त्यातून काही कळलं नाही.

उलटं टोक पाहा. कानपूर २०२४, बांगलादेश. पहिल्या दिवशी ३५ षटकं, दुसरा आणि तिसरा दिवस पूर्ण वाया. आपण चौथ्या दिवशी ३४.४ षटकांत ९ बाद २८५ करून डाव सोडला आणि पाचव्या दिवशी सात विकेटनी जिंकलो. आजकालची फटकेबाजी म्हणजे पाचवा दिवस नको, असं भाचेबुवांना वाटतं. कानपूरला त्याच फटकेबाजीनं पाचवा दिवस उपयोगी आणला.

टप्पा_खाऊन

९८ षटकं रोज? इथं ९० पुरी होत नाहीत. पाणी, ग्लोव्ह्ज, डीआरएस, साइटस्क्रीनपुढून जाणारा एक काका.

नाना_सुदामानगर

तो काका मी नव्हतो, हे आधीच स्पष्ट करतो.

शेवटचं. पाच दिवस बॅटिंग करण्याचा एक मजेदार विक्रम आहे, मॅचच्या पाचही दिवशी क्रीजवर असण्याचा. पहिला मान जयसिंहाचा, कोलकाता १९६०. मग आपल्याकडून शास्त्री, आणि २०१७ला पुजारा. तिघंही ईडनवर. इंदुरात हा विक्रम करायचा तर आधी पाच दिवस लागतील ना.

भाचा_फिजिक्सवाला

ठीक. २००१ आणि कानपूर यांवर माझ्याकडे उत्तर नाही. पण केपटाऊनवर तुमच्याकडेही नाही. आणि पाचव्या दिवशी मैदानात वीस माणसं असतात हेही खरं.

लोकमान्यनगर_मावशी

त्या वीसांत मी असेन. तू अभ्यास कर.

रामबागचा_बाळू

मंडळी, सासरेबुवांना सगळा धागा वाचून दाखवला. १९३२ची तीन दिवसांची लॉर्ड्स ऐकून ते पाचेक मिनिटं गप्प बसले. आमच्या घरात हा विक्रम आहे. मग म्हणाले, "मी म्हटलं पहिल्यापासून, म्हणजे माझ्या पहिल्यापासून." हे वाक्य त्यांनी मला इथं लिहायला सांगितलंय.

तिकिटाचा पाचवा तुकडा भाच्यानं पळवलाय, वहीत खूण म्हणून ठेवलाय. विचारलं तर म्हणतो, पुढची टेस्ट लागली की गेटावर दाखवून बघतो.

पोहे_शेव_जास्त

चहाच्या डागासकट घेतात का बघ.